धुक्यातली पेरणी आणि प्रधानकाका

माझ्या आईने आयुष्यात एकाच माणसाचं ठरवून वाईट केलं, आणि ते तिने ईदच्या दिवशी, ठेवणीतली साडी नेसून, माझ्या तोंडून केलं. तिला अरबी येत नव्हतं, मला येत होतं. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते. आता केसांना मेंदी लावल्याशिवाय मला चारचौघांत जाववत नाही, पण त्या दिवसाबद्दल कधी वाईट वाटलेलं नाही. मुलाला एकदा ही हकिगत सांगितली, तर फोनमधून मान वर न करता तो म्हणाला, "मॉम, दॅट्स सो मीन." मीन तर मीन. त्याने प्रधानकाकांना आमच्या ताटावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

आम्ही अबुधाबीहून रुवैसकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, वाळूत वसलेल्या एका मोठ्या कुंपणाच्या कडेला राहत होतो. कुंपण आमच्या अरबाबचं. अरबाब म्हणजे मालक, तिथे सगळे तसंच म्हणायचे. त्याला शिकारीचा कंटाळा आला होता आणि हरणं पाळायचा नाद लागला होता. घाफच्या झाडांखाली वाळूच्याच रंगाची हरणं उभी असायची, शेपटी हलली की मगच दिसायची. बाबा शेतकी पदवीधर. त्या हरणांना खायला जागोजागी हिरवं करायचं, बोअरचं खारं पाणी सांभाळायचं, झाडं जगवायची, हे त्यांचं काम. कामगारांसाठी ओळीने बांधलेली बैठी घरं होती, त्यांतलं शेवटचं आमचं. जनरेटरची घरघर इतकी सवयीची झाली होती की तो बंद पडला की आम्ही दचकायचो. मग वाऱ्याचा आवाज यायचा, पत्र्यावर वाळू सरकल्याचा, आणि लांबून एखाद्या नराच्या फुरफुरण्याचा. पहाटेची बांग मोठ्या घराजवळच्या छोट्या मशिदीतून यायची आणि तिच्याबरोबर आईचा स्टोव्ह पेटायचा.

आई सातारच्या बाजूची, गाईम्हशींच्या घरातली. त्या वाळूतही तिने आपलं स्वयंपाकघर सोडलं नाही. बाबा हरणांसाठी लसूणघास लावायचे. त्याची कोवळी पानं आई खुडून आणायची आणि मुगाची डाळ घालून भाजी करायची. बाबा म्हणायचे, "अगं, अरबाबच्या हरणांच्या तोंडचा घास काढतेस." ती म्हणायची, "हरणांनी तक्रार केली की सांगा." आठवड्याला सुरमई यायची. मासेवाला तिला कनद म्हणायचा, आई त्याला दरवेळी सुधारायची. आणि ती लिंबाचं लोणचं घालायची, मोठ्या काचेच्या बरण्यांतून, उन्हात. त्या उन्हात लोणचं गावच्या निम्म्या दिवसांत मुरायचं. एक बरणी आमची, एक प्रधानकाकांची आणि एक उम्म सैफची.

उम्म सैफ म्हणजे अरबाबची म्हातारी आई. ती मोठ्या घराच्या बायकांच्या बाजूला राहायची. आईचं लोणचं ती नुसतं, बोटाने चाटून खायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून मी मध्ये बसायची. पोरकं झालेलं एक पाडस उम्म सैफने बाटलीने वाढवलं होतं. ती त्याला रीम म्हणायची, आणि शाळेतून आल्यावर पुष्कळदा बाटली धरायला मीच असायची. मोठी झाल्यावर रीम कळपात सोडली, तरी म्हातारीने कुंपणाशी येऊन हाक मारली की ती जाळीला नाक लावायची.

प्रधानकाका त्या सगळ्या जागेचे मॅनेजर. बायको-मुलं पुण्याला, हे एकटे, शेजारच्या घरात. दर शुक्रवारी जेवायला आमच्याकडेच. कधीमधी इतर दिवशीही भांडं घेऊन यायचे, "वहिनी, आमटी उरली आहे का?" माणूस बोलका. अरबाबशी हिंदी-अरबी मिसळून असा बोलायचा की अरबाब हसायचा. बाबांना तसं येत नसे. बाबा मातीत हात घालून उत्तर शोधणारे, आणि तोवर प्रधानकाका दोन उत्तरं देऊन मोकळे झालेले असत. तरी बाबांचा त्यांच्यावर लोभ होता. परमुलखात आपली भाषा बोलणारा माणूस, एवढं त्यांना पुरे होतं.

एका हिवाळ्यात अरबाबकडे थंड देशातला कोणी शिकारी पाहुणा आला. त्यांच्याकडे म्हणे रानातल्या हरणांसाठी माळावर क्लोव्हर नावाचा हिरवा चारा पेरतात, आणि पेरतात म्हणजे नुसतं फेकतात. रात्री जमीन गोठते, दिवसा सुटते, तिला बारीक भेगा पडतात, आणि बी आपोआप आत जातं. नांगर नको, कुळव नको. प्रधानकाका जेवणाच्या वेळी तिथे होते. शुक्रवारी आमच्या घरी पिठलं-भाताशी बसून त्यांनी ते बाबांना असं सांगितलं, जणू त्यांनाच सुचलं होतं. "साळवी, आपण करू या. अरबाबला मी शब्द दिलाय."

बाबा हसले. "प्रधान, इथे जमीन गोठते कुठे? स्वेटर काढायच्या आत हिवाळा संपतो."

पण ती गोष्ट बाबांच्या डोक्यातून गेली नाही. कुंपणात एक खोलगट जागा होती. वर्षातला एखाद-दुसरा पाऊस तिथे साचायचा, गाळ बसायचा, आणि पाणी आटलं की गाळाच्या कासवाच्या पाठीसारख्या ढलप्या व्हायच्या, मध्ये भेगा. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि पाठोपाठ धुक्याच्या सकाळी आल्या. गल्फचं धुकं ज्याने पाहिलं नाही त्याला ते खरं वाटत नाही. हाताच्या अंतरावरचं माणूस दिसत नाही आणि केसांतून पाणी गळतं. बाबा म्हणाले, "गोठत नाही, पण भिजतं आणि सुकतं. भेगेचं तेवढ्यावर भागेल." त्यांनी आधी थोड्याच जागेत करून पाहिलं. मग क्लोव्हरचं बी मागवून घेतलं. मोहरीहूनही बारीक, हातातून सांडलं की सापडायचं नाही. ते बारीक वाळूत कालवायचं आणि धुकं असताना मूठमूठ फेकत चालायचं, की बी आणि वाळू दोन्ही भेगेत जातात आणि वरून दव त्यांना दाबून बसवतं.

शाळेच्या बसआधी मी त्यांच्याबरोबर जायची. कमरेला परात टेकवून चालायची, बाबा त्यातून मूठ भरायचे. धुक्यात ते दिसायचे नाहीत, फक्त बी पडल्याचा सर्र आवाज यायचा, आणि मग पुढे, आणखी पुढे. मध्येच ते बोलायचे, "नीलू, आहेस ना?" मी म्हणायची, "आहे." बाबांबरोबरचं माझं सगळ्यात लांब संभाषण बहुधा तेच.

बी उगवलं. टँकरचं गोडं पाणी थोडं थोडं शिंपडून बाबांनी ते जगवलं आणि हरणांनी कोवळेपणी खुडू नये म्हणून भोवती आतलं कुंपण घातलं. महिन्या-दीड महिन्यात त्या तपकिरी मुलखात तीन-तीन पानांची हिरवीगार सतरंजी पसरली. उम्म सैफ काठी टेकत बघायला आली आणि खाली बसून तिने त्यावरून तळहात फिरवला.

बाबांना पंपाचा भाग आणायला अबुधाबीला जायचं होतं. आदल्या दिवशी प्रधानकाका आमच्याकडे जेवायला होते, तेव्हाचं बोलणं मला शब्दनशब्द आठवतं, कारण वाढायला मी होते. बाबा म्हणाले, "मी येईपर्यंत आतल्या कुंपणाचं फाटक उघडू नका. आणि उघडलंच, तर आधी सुका चारा पोटभर द्यायचा. ऊन वर येऊ द्यायचं, दव पूर्ण सुकू द्यायचं. उपाशी जनावर ओल्या क्लोव्हरवर सुटलं तर पोट फुगून मरतं."

"अरे, मला काय सांगतोस," काका म्हणाले. "वहिनी, भात वाढा."

दुसऱ्या दिवशी बाबा पहाटेच निघून गेले. शाळेला सुट्टी होती. मी उठून बाहेर आले तेव्हा धुकं विरत होतं आणि आतल्या कुंपणापाशी अरबाबच्या गाड्या उभ्या होत्या. पाहुणे होते. प्रधानकाका हातवारे करून काही सांगत होते, आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने फाटकाची कडी काढली. हरणं अशी धावली की मला आधी कौतुक वाटलं. त्या धावण्यासाठीच त्यांना आदल्या दिवशी उपाशी ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. हिरव्यावर दव चमकत होतं, हरणं खात होती, पाहुणे फोटो काढत होते. पाहुणे नाश्त्याला गेले. थोड्या वेळाने एक मादी पाय फाकवून उभी राहिली. तिची डावी कूस ढोलकीसारखी ताठ झाली होती. मग दुसरी. मग तोंडाला फेस.

मी घरी पळत आले. आईने माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. तिने ओट्याखालचा तेलाचा डबा उचलला, दुसरा माझ्या हातात दिला आणि चालायला लागली. तिच्या माहेरी ओला लसूणघास खाल्लेल्या गाईला तेल पाजायचे. हरणं सांभाळणारा सुदानी इद्रिस धावत आला. तो एकेका हरणाला मांड्यांत धरायचा, आई जबड्यात बोटं घालून बाटलीने तेल ओतायची आणि कूस चोळायची. तिचं नेसूचं फेसाने आणि तेलाने भरलं. कितीतरी वाचली. कितीतरी गेली. रीमपाशी आम्ही पोचलो तेव्हा ती आडवी पडली होती. उम्म सैफ वाळूत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि आईने ओतलेलं तेल तिच्या तोंडातून तसंच बाहेर आलं.

प्रधानकाका काय करत होते? ते मोठ्या घराच्या पायरीवर अरबाबशी बोलत होते. तेलाच्या बाटल्या भरायला मी तिथून गेले, तेव्हा मला ऐकू आलं. "साळवीने बिना पूछे ये बाहर का घास लगाया, अरबाब. मैंने बोला था उसको, ये ज़हर है. वो बोला, कुछ नहीं होता, सुबह खोल देना."

बाबा संध्याकाळी पंपाचा भाग घेऊन परत आले ते अरबाबचं खलास, म्हणजे नोकरी संपली, हे ऐकायलाच. सामान बांधायला एक दिवस दिला. मी बाबांना म्हटलं की मी अरबाबला जाऊन सांगते, मी कडी काढताना बघितलंय. बाबा म्हणाले, "तू मध्ये पडायचं नाहीस. आपलं बी होतं, आपली जबाबदारी. प्रधानला काय बोलायचं, बिचाऱ्याला दोन मुलं आहेत." आई भांडी कागदात गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही. पण हातातला पेला तिने इतका वेळ आणि इतक्या थरांत गुंडाळला, की मला भीती वाटली. ट्रक निघाला तेव्हा प्रधानकाका निरोपाला आले, डोळे पुशीत. बाबांनी त्यांना मिठी मारली. आईने पदर सावरला आणि पुढे बसली.

अरबाब दुष्ट नव्हता. त्याने बाबांना दुसरीकडे काम धरायची परवानगी दिली. अबुधाबीजवळच्या मुसफ्फामध्ये एका नर्सरीत ते लागले. चौकांत लावायच्या पिटुनियांची रोपं काळ्या पिशव्यांत भरायची, ट्रेमध्ये मांडायची, लॉरीत चढवायची. संध्याकाळी ते नखांतली माती काढत बसायचे. ती पोत्यातून विकत आणलेली माती होती. तक्रार त्यांनी कधी केली नाही. क्षमेसारखं औषध नाही, असं ते म्हणायचे, आणि प्रधानकाकांचा फोन आला की तब्येत विचारायचे. फोन येत होते, कारण पुढच्या हिवाळ्यात काकांना ती हिरवळ पुन्हा उगवून आणता आली नाही. त्यांनी पाहुण्याने सांगितलं तसं भर उन्हात बी फेकलं, चिमण्यांनी ते टिपलं. "साळवी, जरा सांग ना, काय करायचं." आणि बाबा सांगायचे. ते फोनवर समजावत असताना आई स्वयंपाकघरात लाटणं हातात धरून उभी असायची, पोळी तव्यावर करपेपर्यंत.

हिवाळा सरला, मग ईद आली. आईने ट्रंकेतून हिरवी पैठणी काढली. बाबांना सांगितलं, एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू आहे, नीलूला नेते. हळदीकुंकवाचे दिवस केव्हाच सरले होते, पण बाबांना ते कुठे कळतंय. आम्ही टॅक्सी केली. पठाण ड्रायव्हर पूर्ण रस्ताभर तिच्या मांडीवरच्या लोणच्याच्या बरणीकडे आरशातून बघत होता. मी विचारलं, "तिथे जाऊन काय बोलायचं?" आई म्हणाली, "जे बघितलंस ते. वाढवून काही सांगू नकोस. वाढवायची गरज नाही."

ईदला बायकांच्या बैठकीचं दार सगळ्यांना उघडं असतं. त्या दारातून प्रधानकाकांना कधीच आत येता आलं नसतं, आणि ते त्यांच्या कधी लक्षात आलं नसावं. आत ऊद जळत होता, खजूर आणि कॉफी फिरत होती. उम्म सैफने आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं. आईने तिच्यासमोर बसून बरणी ठेवली. म्हातारीने बरणीला हात लावला नाही.

"तुझ्या नवऱ्याने माझी रीम मारली," ती म्हणाली. मी ते आईला सांगितलं.

आईने माझ्याकडे न बघता म्हटलं, "सांग आता."

मी सांगितलं. माझं अरबी शाळेतलं आणि अंगणातलं, पण त्या दिवशी एकही शब्द अडला नाही. बाबा जेवताना काय म्हणाले, कडी कोणी काढली, पायरीवर कोण काय बोललं. उम्म सैफने ऐकून घेतलं आणि एका नातवाला हाक मारून इद्रिसला पडद्याबाहेर उभं करायला सांगितलं. तिने आतूनच विचारलं, त्या दिवसाआधी हरणांना चारा घातला होता का. बाहेरून इद्रिसचा आवाज आला, "नाही, अम्मा. मुदीरने नको म्हणून सांगितलं होतं. मला कोणी विचारलंच नाही." मुदीर म्हणजे मॅनेजर.

म्हातारीने डोळे मिटले. तिने बरणी जवळ ओढली आणि ती मांडीवर धरून बसली. मग ती आईकडे वळली. "माझा मुलगा माझी एक गोष्ट ऐकतो," ती म्हणाली. "दोन ऐकत नाही. काय मागू? तुझ्या नवऱ्याला परत बोलावू का? ती हिरवळ मलाही हवी आहे."

मी ते आईला सांगितलं आणि मनातल्या मनात सामान बांधायला लागले. बाबा, धुकं, परात, सगळं मला दिसलं.

आई म्हणाली, "तिला सांग, त्याला घालवा."

"आई, ती बाबांची नोकरी देते आहे."

"ऐकलं मी. त्याला घालवा म्हणावं. आणि एक दिवस द्या. आम्हाला दिला तेवढाच."

मला आठवतं, मी क्षणभर थांबले. आईने घाई केली नाही. आणि मग मला पायरीवरचा तो आवाज आठवला, आणि ट्रकपाशी पुसलेले ते डोळे. मी जसंच्या तसं सांगितलं, शब्द निवडून, दिवस हा शब्द दोनदा उच्चारून. उम्म सैफ आईकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरच्या मुखवट्यासारख्या बुरख्याआडून हसल्यासारखा आवाज आला. "तुझी आई आमच्यातली आहे," ती मला म्हणाली. तिने बरणीचं झाकण उघडलं आणि बोट बुडवलं.

बाबांना सगळं कळलं ते दोन दिवसांनी दुपारी, प्रधानकाका दारात उभे राहिले तेव्हा. खाली पिकअपमध्ये त्यांच्या दोन बॅगा होत्या, संध्याकाळचं विमान होतं. शर्ट चुरगळलेला. ते बाबांशी बोललेच नाहीत, माझ्या आईशी बोलले.

"वहिनी, एक दिवस दिला फक्त."

"पुरतो," आई म्हणाली. "आम्हाला तर चौघांच्या स्वयंपाकघराचं सामान बांधायचं होतं. चौथे तुम्ही. तुमचं ताट आमच्यातच होतं."

"मी चुकलो. पण वहिनी, माझी मुलं."

"ही माझी मुलगी. हिच्यासमोर बोललात तुम्ही पायरीवर. ती तेल न्यायला आली होती."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्या नजरेने मला काहीतरी होईल. काही झालं नाही. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, आणि खाली त्यांनी आधी बघितलं. आयुष्यात पुढे मी मोठ्या हुद्द्यावर काम केलं, लोकांच्या टाळ्या घेतल्या, पण ते समाधान पुन्हा मिळालं नाही.

बाबा त्यांना खाली सोडायला गेले. आईने पानं मांडली. बाबा बऱ्याच वेळाने वर आले, नळावर हात धुतले आणि उभ्याउभ्याच विचारलं, "उम्म सैफ मला परत बोलावणार होती, असं तो म्हणतो. खरं का?"

"खरं."

"मग?"

"मग काय. तुम्ही गेला असतात. तो शेजारी राहिला असता. आणि तुम्हीच मला म्हणाला असतात, वाढ त्याला."

मला वाटलं, आता बाबा तसेच गॅलरीत जातील. हवी असलेली जमीन आईने त्यांच्या हातून काढून घेतली होती, आणि पुढेही ते कायम रोपं पिशव्यांत भरत राहिले, हे खरंच आहे. क्षमेचं औषध सांगणारा माणूस तो. ते ताटावर बसले, आमटीत बोटं फिरवत राहिले.

"रडत होता," ते म्हणाले.

"रडू दे," आई म्हणाली.

बाबांनी मान डोलावली, अगदी थोडी. मग त्यांनी भात कालवला, संपवला, आणि ताट पुढे करून आणखी मागितला.